नेम का चुकतो? – सर जोसेफ व्हिटवर्थ यांची चरित्रकथा

आपल्या बेळगावात उद्यमबागेतल्या कुठल्याही जुन्या वर्कशॉपमध्ये जा आणि पिकलेल्या केसांच्या एखाद्या फिटरच्या हातात बोल्ट द्या. आट्यांवरून अंगठा फिरवून तो सांगेल, हा मिलिमीटरचा, हा व्हिटवर्थचा. पाव इंची बोल्टाला इंचात वीस आटे, अर्धा इंचीला बारा, एक इंचीला आठ, हे त्याला पाढ्यासारखे पाठ असते. व्हिटवर्थ हे विलायतेतल्या कुठल्याशा कंपनीचे नाव असावे असे पुष्कळांना वाटते. ते एका माणसाचे नाव आहे. जोसेफ व्हिटवर्थ. त्याचे आटे जगभर गेले, पण त्याच्या आयुष्यातली ऐन कर्तबगारीची वर्षे एका वेगळ्याच प्रश्नाने खाल्ली. ठासणीच्या बंदुकीचा नेम का चुकतो, हा तो प्रश्न.

बुद्धिदात्याच्या उत्सवाच्या स्मरणिकेत बंदुकीची कथा कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. दोष कसा शोधावा याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही, हे एक कारण. आणि ही कथा अर्ध्यावर आली की ती १८५७ च्या उन्हाळ्यात आपल्याच देशात येऊन उभी राहते, हे दुसरे.

व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडातल्या स्टॉकपोर्ट गावी झाला. वडील शिक्षक होते, पुढे ते धर्मोपदेशक झाले. आई मुलाच्या लहानपणीच वारली. चौदाव्या वर्षी त्याला डर्बीशायरमध्ये मामाकाकांपैकी एकाच्या सूतगिरणीत धाडण्यात आले. हेतू असा, की पोराने धंदा शिकावा आणि पुढे गिरणीचा कारभार पाहावा. पोराचे लक्ष सुतात नव्हते, सूत काढणाऱ्या यंत्रांत होते. गिरणीतली सगळी यंत्रे त्याने समजून घेतली, आणि ती किती ओबडधोबड आहेत हेही त्याच्या लक्षात आले. चार वर्षांनी गिरणी सोडून तो मँचेस्टरला आला आणि साधा यंत्रकामगार म्हणून कामाला लागला. घरच्यांच्या दृष्टीने ही अधोगतीच. मालकाच्या गादीवर बसायचे सोडून तेलकट कपडे कोण पसंत करतो?

१८२५ मध्ये त्याने फॅनी अँकर्स नावाच्या मुलीशी लग्न केले. ती एका नावाड्याची मुलगी. त्याच वर्षी जोडपे लंडनला गेले आणि जोसेफला हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात काम मिळाले. त्या काळी यंत्रविद्येतले हे गुरुकुलच होते. पुढे तो जोसेफ क्लेमेंट यांच्याकडेही राहिला. चार्ल्स बॅबेज यांच्या गणकयंत्राचे भाग तेव्हा क्लेमेंट यांच्या कारखान्यात घडत होते. हजारो दाते, आणि प्रत्येक दाता दुसऱ्यासारखा हवा. अशा ठिकाणी काम केलेल्या माणसाला चालढकल सहन होत नाही, आणि व्हिटवर्थला ती मुळातच होत नव्हती.

मॉडस्ले यांच्याकडे असतानाच त्याने आपल्या आयुष्यातले पहिले कोडे सोडवले. लोखंडाचा पृष्ठभाग खरोखर सपाट कसा करायचा? तोपर्यंत दोन पट्ट्या एकमेकींवर वाळू-एमरी घालून घासत. पण दोन पट्ट्या एकमेकींशी तंतोतंत जुळल्या म्हणजे त्या सपाट झाल्या असे होत नाही. एक किंचित फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट असली तरी त्या जुळतातच. व्हिटवर्थने तिसरी पट्टी घेतली. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी ताडून पाहायची. तिघी परस्परांशी जुळल्या तरच तिघीही सपाट, कारण तीन फुगीर किंवा तीन खोलगट पट्ट्या कधी एकमेकींशी जुळणार नाहीत. आणि घासायचे नाही. रंग लावून उंचवटे शोधायचे आणि तेवढेच हाताने खरवडायचे. अशा दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर वरची हवेच्या पातळ थरावर तरंगते, आणि ती हवा दाबून काढली की दोन्ही अशा चिकटतात की खालची वरचीबरोबर उचलली जाते. आजही सरफेस प्लेटवर निळा रंग लावून स्क्रेपिंग करतात ते याच वाटेने.

१८३३ मध्ये तो मँचेस्टरला परतला, एक जागा भाड्याने घेतली आणि यंत्रे बनवणारा, लंडनहून आलेला, अशी पाटी लावली. पुढच्या वीस वर्षांत लेथ, प्लेनिंग, स्लॉटिंग, ड्रिलिंग अशा यंत्रांचा इंग्लंडातला सर्वांत नावाजलेला कारखाना त्याचा झाला. १८४१ मध्ये त्याने आट्यांचा निबंध वाचला. तेव्हा प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. एका गावच्या बोल्टाला दुसऱ्या गावचा नट बसत नसे, आणि यंत्र दूर कुठे मोडले तर बोल्टासकट सगळे नव्याने घडवावे लागे. त्याने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली, सरासरी काढली आणि ५५ अंशांचा आटा सुचवला. कुणाच्या मताला कौल न देता सगळ्यांच्या मधला मार्ग घेतल्यामुळे तो पुढे सगळ्यांनी मान्य केला. रेल्वेने तो आगगाडीबरोबर हिंदुस्थानात आणला.

मापाचे वेडही याच काळातले. तेव्हाचे कारागीर आपल्याकडच्या सुतारा-गवंड्यांसारखेच बोलत. सूतभर कमी, सूतभर सैल, जरा भरीव. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच्या आत डोळा आणि सवय. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात व्हिटवर्थने मापनयंत्र मांडले, आणि पुढे ते इंचाच्या दशलक्षांश भागापर्यंत नेले. इतके बारीक माप कुणाला लागणार, अशी त्या वेळी थट्टाही झाली.

आता बंदूक.

१८५४ मध्ये इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. सैन्यासाठी नवी एनफिल्ड रायफल ठरली होती आणि ती लाखांनी हवी होती. बर्मिंगहॅमचे बंदूकवाले पिढीजात कारागीर. नळी एकाने करायची, घोडा दुसऱ्याने, लाकडी दस्ता तिसऱ्याने, आणि शेवटी कुणी तरी कानस घेऊन सगळे एकमेकांत बसवायचे. एका बंदुकीचा भाग दुसरीला लागत नसे. वर्षभरापूर्वीच व्हिटवर्थ अमेरिकेतले कारखाने पाहून आला होता आणि यंत्रावर एकसारखे भाग कसे निघतात याचा अहवाल त्याने सरकारला दिला होता. तेव्हा सरसेनापती लॉर्ड हार्डिंग यांनी त्यालाच सांगितले, रायफली बनवायची यंत्रे तू करून दे. हे हार्डिंग पूर्वी हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल होते.

दुसऱ्या कुठल्याही कारखानदाराने ही मागणी डोक्यावर घेतली असती. युद्ध चालू, सरकारी काम, पैशाला तोटा नाही. व्हिटवर्थने बंदूकवाल्यांकडे चौकशी केली. नळीचा व्यास इतकाच का? आतल्या खाचांचा पीळ एवढाच का? गोळी एवढ्याच लांबीची का? उत्तर सगळीकडे सारखेच मिळाले असावे. असेच करतात. कुणाचेही कुणाशी पटत नव्हते आणि कारण कुणालाच सांगता येत नव्हते. त्यावर त्याने सरकारला कळवले की चांगल्या रायफलीला चांगली कशामुळे म्हणायचे हे कळल्याशिवाय मी यंत्रे करणार नाही. आधी प्रयोग करू द्या. आपल्या कष्टाचा मोबदला तो घेणार नव्हता, प्रयोगाचा खर्च मात्र सरकारने सोसायचा होता. सगळ्या हकिकतीत मला हा नकार सर्वांत मोलाचा वाटतो. सदोष वस्तू भराभर आणि एकसारखी बनवणारे यंत्र केले, तर दोषच भराभर आणि एकसारखा होतो.

प्रश्न काय होता ते थोडे नीट पाहू. आपल्याकडे खानापूर-जोयड्याच्या रानात आणि खाली गोव्या-कोकणात भातशेतीच्या राखणीला ठासणीची बंदूक अजून माहीत आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी किंवा छर्रे सोडायचे, गजाने ठासायचे, टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. साध्या नळीत गोळी सहज खाली जावी म्हणून ती नळीपेक्षा थोडी लहान ठेवावी लागते. मग बार उडाला की ती नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर येते, आणि शेवटी जिकडे आपटेल तिकडे जाते. शंभर यार्डांपलीकडे अशा बंदुकीने माणूस टिपणे म्हणजे नशिबाचा खेळ.

रायफलीच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. त्या गोळीला भोवऱ्यासारखी गरगरवतात आणि फिरणारा भोवरा जसा उभा राहतो तशी फिरणारी गोळी नाक पुढे ठेवून जाते. अडचण अशी, की खाचा धरायच्या तर गोळी घट्ट हवी, आणि घट्ट गोळी तोंडातून ठासायची तर हातोडीने ठोकावी लागते. फ्रेंच कॅप्टन मिनिए यांनी १८४९ च्या सुमारास यावर तोड काढली. लांबट शिशाची गोळी, बुडाला पोकळ. ठासताना सैल, पण बार उडाला की वायूच्या दाबाने बूड फुलते आणि खाचांत जाऊन बसते. एनफिल्ड याच तत्त्वावर होती. व्यास ०.५७७ इंच, उथळ तीन खाचा, ३९ इंचांची नळी, आणि पीळ ७८ इंचांत एक वळसा. म्हणजे नळीतून बाहेर पडेपर्यंत गोळीची फक्त अर्धी फेरी होई.

नेम चुकला तर चुकी कुणाची? नेमबाजाचा हात हलला असेल. वारा आडवा आला असेल. दारू कमी-जास्त पडली असेल. आधीच्या बारांची काजळी साचली असेल. गोळीच वाकडी ओतली असेल. नळी, पीळ, व्यास, काहीही. दहा संशयित एकत्र उभे असताना अकराव्याला पकडता येत नाही. म्हणून व्हिटवर्थने पहिल्या दोघांना आधी बाहेर काढले. बंदूक माणसाच्या खांद्याऐवजी यंत्राच्या बैठकीत बसवली, म्हणजे हात हलायचा प्रश्न मिटला. आणि वाऱ्यासाठी त्याने मँचेस्टरजवळ फॅलोफील्ड इथल्या आपल्या ‘द फर्स’ या घराच्या आवारात बंद दालन उभारले, ५०० यार्ड लांबीचे. साधारण साडेचारशे मीटर लांब, सोळा फूट रुंद, वीस फूट उंच. आपल्या देवळातल्या सभामंडपाची लांबी अर्धा किलोमीटर ओढली तर कसे दिसेल, तसे काहीसे. बांधून झाले न झाले तोच वादळाने ते पाडले. पुन्हा उभारून प्रयोग सुरू व्हायला १८५५ चा मार्च उजाडला, आणि पुढच्या वर्षी तर युद्धच संपले.

दालनात ठराविक अंतरावर पातळ टिश्यू कागदाचे पडदे टांगलेले. गोळी जाताना प्रत्येक पडद्यावर खूण ठेवून जाई. त्या भोकांवरून गोळी कुठून कशी खाली उतरत गेली याची वाट आखता येई, आणि भोक गोल पडले की लांबट यावरून ती नाकाने गेली की कुशीवर झाली तेही दिसे. निशाणावर शेवटी कुठे लागली एवढेच पाहणाऱ्याला हे कधी कळले नसते. निशाण निकाल सांगते, कागद कारण सांगत होता.

मग एकेक गोष्ट बदलायला सुरुवात झाली. निरनिराळ्या पिळाच्या नळ्या त्याने करवून घेतल्या आणि बाकी सगळे तसेच ठेवून फक्त पीळ बदलून पाहिला. एनफिल्डचा पीळ फारच मंद आहे, हे पुढे आले. २० इंचांत एक वळसा हा पीळ त्याला सर्वांत चांगला वाटला, म्हणजे एनफिल्डच्या जवळजवळ चौपट जलद. असा पीळ दिला की लांब गोळी चालते. म्हणून त्याने गोळीचे वजन एनफिल्डइतकेच, ५३० ग्रेन म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम, ठेवले आणि व्यास ०.४५१ इंचांपर्यंत खाली आणला. एनफिल्डची गोळी लांबीला व्यासाच्या दुपटीहून थोडी कमी होती, ही तिप्पट झाली. शिसे तेवढेच, पण हवा कापायला तोंड बारीक. तिचा वेग वाटेत कमी गमावला जातो, आणि दूरवर तिची वाट अधिक सपाट राहते.

आता नवी अडचण. इतका जलद पीळ आणि उथळ खाचा असल्या तर मऊ शिसे खाचा सोडून सरळच घसरत बाहेर येते, जसा गुळगुळीत झालेला आटा नट धरत नाही. व्हिटवर्थचे उत्तर आटेवाल्याला शोभेलसे होते. त्याने खाचा काढूनच टाकल्या आणि नळीचे भोकच षट्कोनी केले, पिळलेला षट्कोन. गोळीही तशीच षट्कोनी आणि पिळदार, यंत्रावर घडवलेली, नळीत नटात बोल्ट बसावा तशी बसणारी. बार उडाल्यावर बूड फुलेल की नाही या भरवशावर राहायचे कारण उरले नाही. साधी गोल शिशाची गोळी घातली तरी ती दाबाने फुलून षट्कोनात बसे आणि चांगली जाई, हेही नंतर दिसले. त्यामुळे षट्कोनी गोळी खरोखर किती आवश्यक होती, असा प्रश्न आज विचारता येतो. माझ्या मते यश पिळाचे आणि व्यासाचे जास्त, षट्कोनाचे कमी. पण षट्कोन हा त्याचा लाडका होता, आणि लाडक्यापुढे मोठमोठ्यांचे चालत नाही.

१८५७ च्या एप्रिलमध्ये हाइथ इथल्या सरकारी नेमबाजी शाळेत युद्धमंत्र्यांच्या समक्ष दोन्ही रायफलींची परीक्षा झाली. ५०० यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी सव्वादोन फूट, म्हणजे सत्तावीस इंच, इकडेतिकडे पडल्या. व्हिटवर्थच्या साडेचार इंचांच्या आत. ११०० यार्डांवर एनफिल्ड आठ फुटांवर गेली, व्हिटवर्थ सुमारे अडीच फुटांवर. १४०० यार्डांवर एनफिल्डचे मोजायलाच काही उरले नाही. व्हिटवर्थ तिथेही साडेचार-पाच फुटांत होती. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतले.

याच एप्रिलमध्ये, ८ तारखेला, बराकपूरला मंगल पांडे यांना फाशी दिले गेले होते. १० मे रोजी मेरठ पेटले. ठिणगी पडली ती याच एनफिल्डच्या काडतुसावरून. आपण चरबीचे काडतूस शाळेत शिकतो, पण काडतुसाला चरबी मुळात हवीच कशाला होती हे सहसा कुणी सांगत नाही. काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपात उरतो, आणि त्यातला काही घट्ट काजळी होऊन नळीत बसतो. दहा-बारा बारांनंतर गोळी गजाने खाली जाता जात नाही आणि बसली तरी नीट बसत नाही. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला वंगण लावायचे. ते काजळी मऊ ठेवते आणि गोळी सरकवते. शिपायाने कागद दाताने फाडायचा, दारू ओतायची, आणि कागदासकट गोळी ठासायची. वंगण कशाचे, हे विचारायची गरज वूलिचच्या कारखान्यातल्या साहेबाला वाटली नाही. नेम चुकू नये म्हणून केलेली तजवीज ही अशी धर्मात शिरली. शिपायांनी ती रायफल नाकारली, आणि उठावात त्यातले बहुतेक जुन्या साध्या नळीच्या बंदुकीनेच लढले. समोरच्या गोऱ्या पलटणींत एनफिल्ड होती. शंभर यार्डांचा पल्ला एका बाजूला आणि कित्येक शंभरांचा दुसऱ्या बाजूला. झाशी-काल्पी-ग्वाल्हेरच्या कथा वाचताना शौर्याबरोबर हाही हिशेब ध्यानात ठेवावा लागतो.

उठाव शमल्यावर सरकारने जे केले ते व्हिटवर्थच्या दालनातल्या कामाच्या नेमके उलटे होते. हिंदी पलटणींसाठी १८५८ पासून एनफिल्डसारखीच दिसणारी एक बंदूक आली. बाहेरून तीच. आत मात्र खाचा खरवडून काढून टाकलेल्या आणि भोक ०.६५६ इंचांपर्यंत वाढवलेले. दूरच्या पल्ल्याची सरकती नेमपट्टी काढून तिथे एक स्थिर खाच ठेवली. नळ्या इतक्या पातळ झाल्या की पुढच्या वर्षी जाड भिंतीची नवी नळी करावी लागली. नेम कशाने लागतो हे कळले की तो कशाने चुकेल हेही कळते, आणि ते ज्ञान सरकारने आपल्याच शिपायांच्या हातातल्या हत्यारावर वापरले. व्हिटवर्थचा या आदेशाशी संबंध नव्हता. पण त्याचे चरित्र हिंदुस्थानात बसून लिहिणाऱ्याला हे पान उलटून पुढे जाता येत नाही.

इंग्लंडात त्याच्या रायफलीचे काय झाले? १८५९ मध्ये अधिकाऱ्यांच्या समितीने ती नाकारली. नळीचा व्यास लढाईच्या बंदुकीला फार लहान आहे, असे कारण दिले. व्हिटवर्थला हे कायम अन्यायाचे वाटले आणि त्याचे चाहते अजून तेच लिहितात. मला समिती अगदीच मूर्ख वाटत नाही. बारीक नळीत तेवढीच दारू जाळली की काजळी लवकर दाटते. निशाणबाजीच्या मैदानावर प्रत्येक बारानंतर नळी पुसता येते. चिखलात, धुरात, समोरून शत्रू येत असताना शिपाई पुसत बसणार आहे काय? शिवाय ती एनफिल्डपेक्षा कैक पटींनी महाग होती. दालनात वारा नव्हता, तसा चिखलही नव्हता. एका संशयिताला बाहेर काढताना दुसराही नकळत बाहेर गेला होता. १८६२-६३ मध्ये काही हजार व्हिटवर्थ रायफली पलटणींना वापरून पाहायला दिल्या, तेव्हाही काजळीचीच तक्रार आली. तोवर मागून भरायच्या बंदुकांचे दिवस आले. गंमत अशी, की १८७१ ला सैन्याने नवी मार्टिनी-हेन्री घेतली तेव्हा तिचा व्यास ०.४५ इंच ठरला आणि पीळ २२ इंचांत एक. म्हणजे आकडे जवळजवळ फॅलोफील्डचेच. मागून भरायची सोय झाल्याने घट्ट नळीतून गोळी ठासायचे कारण राहिले नव्हते.

निशाणबाजीत मात्र व्हिटवर्थला तोड नव्हती. २ जुलै १८६० रोजी विंबल्डनच्या मैदानावर राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने केले. व्हिटवर्थने आपली रायफल यांत्रिक बैठकीत बसवून ४०० यार्डांवरच्या निशाणावर रोखून ठेवली होती. राणीने चापाला बांधलेली रेशमी दोरी ओढली. गोळी निशाणाच्या मध्यापासून सव्वा इंचावर लागली. राणीला नेमबाजी येत नव्हती, आणि तेच तर दाखवायचे होते.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू झाले तेव्हा दक्षिणेकडच्या सैन्याने थोड्या व्हिटवर्थ रायफली समुद्रातली नाकेबंदी चुकवून नेल्या आणि निवडक नेमबाजांच्या हाती दिल्या. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनियाजवळ उत्तरेचा सेनापती जॉन सेजविक दुरून आलेल्या एका गोळीने पडला. इतक्या अंतरावरून आपल्याला काही होत नाही असे आपल्या माणसांना समजावत असतानाच. ती गोळी व्हिटवर्थची होती असे बहुतेक सगळे मानतात.

मग तो तोफांकडे वळला आणि विल्यम आर्मस्ट्राँगशी त्याची स्पर्धा जुंपली. त्यातही परीक्षा झाल्या, समित्या बसल्या, भांडणे झाली आणि सरकारी काम त्याच्या हाती लागले नाही. या काळातला व्हिटवर्थ चिडका, हेकट, कुणाचे न ऐकणारा असा दिसतो. तोफांच्या नळ्या फुटतात कारण पोलादात पोकळ्या राहतात, हे त्याने ओळखले आणि वितळलेले पोलाद थंड होत असतानाच प्रचंड दाबाखाली दाबायची रीत काढली. तोफेचे काम गेले, पण ती रीत बोटींच्या दांड्यांसाठी उपयोगी पडली. १८६८ मध्ये फ्रान्सने त्याला मोठा किताब दिला, १८६९ मध्ये इंग्लंडने सरदारकी.

घरात मात्र सगळे सरळ नव्हते. फॅनी आणि तो पुढे वेगळे राहू लागले. १८७० मध्ये ती वारली, आणि पुढच्या वर्षी त्याने मेरी लुइसा ऑरेल या विधवेशी लग्न केले. मूल नव्हते. डर्बीशायरमध्ये डार्ली डेल इथे, जिथून तो पोरवयात गिरणी सोडून निघाला होता त्याच परगण्यात, त्याने स्टॅनक्लिफ हॉल हा वाडा घेतला. तिथे त्याने बिलियर्डचे टेबल लोखंडाचे करून घेतले होते, अगदी सपाट. चेंडू चुकला तर टेबलाचे नाव सांगायची कुणाला सोय नको!

१८६८ मध्ये त्याने पंतप्रधान डिझरायली यांना पत्र लिहून दरसाल शंभर पौंडांच्या तीस शिष्यवृत्त्या ठेवल्या. अट अशी, की विद्यार्थ्याला शास्त्राचे पेपरही द्यावे लागत आणि हाताने कामही करून दाखवावे लागे. नुसता पुस्तकी नको, नुसता कानस घासणारा नको. त्या शिष्यवृत्त्या अजून चालू आहेत. १८७४ मध्ये कारखान्याची कंपनी करताना त्याने कामगारांनाही भाग घेता येतील अशी व्यवस्था केली. त्या काळाच्या मानाने ही मोठीच गोष्ट.

प्रकृती बिघडल्यावर तो हिवाळ्यात मॉन्टे कार्लोला जाऊ लागला आणि तिथेच २२ जानेवारी १८८७ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी वारला. देह डार्ली डेलला आणून चर्चच्या आवारात पुरला. बहुतेक संपत्ती त्याने आपल्या विश्वासातल्या लोकांवर सोपवली होती. तिच्यातून मँचेस्टरला व्हिटवर्थ कलादालन आणि उद्यान झाले, शिक्षणसंस्थांना पैसे गेले, आणि त्या विश्वस्तांपैकी रिचर्ड ख्रिस्ती यांच्या नावाने आज तिथले कर्करोगाचे मोठे रुग्णालय ओळखले जाते. दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, त्याची कंपनी आर्मस्ट्राँगच्या कंपनीत मिळाली आणि आयुष्यभर भांडलेल्या दोघांची नावे एका पाटीवर आली.

‘द फर्स’ या घरात पुढे मँचेस्टर गार्डियनचे संपादक सी. पी. स्कॉट राहत होते, आणि नंतर ते विद्यापीठाकडे गेले. आसपास आता विद्यार्थ्यांची वसतिगृहे आहेत. ते पाचशे यार्डांचे दालन कधीच गेले.